वंशावळीत आजी नाही. ६४ व्या वर्षी मोडी शिकायला घेऊ का?

कळशी (प्रश्न)

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी ३४ वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. घराण्याची माहिती गोळा करायचा नाद तसा जुना, पण तो लग्नाकार्यात म्हाताऱ्या माणसांशेजारी बसून ऐकण्यापुरता. वहीत लिहायचे, वही हरवायची, पुन्हा नवी वही. आता मात्र नीट, अभ्यास म्हणून करायचं आहे.

कारण सांगते. माझ्या थोरल्या भावाने दोन वर्षांपूर्वी आमची वंशावळ केली. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे जाऊन नामावळी पाहिली, गावच्या भावकीला विचारलं, आणि सात पिढ्यांचा मोठा तक्ता काढून घेतला. त्याने मेहनत खूप केली, मला त्याचा अभिमान आहे. तक्त्यावर ५३ नावं आहेत. मी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. एकही बाई नाही. ज्या आजीने मला वाढवलं, आई शेतावर जायची तेव्हा जिच्या पाठीवर मी असायचे, ती कुठेच नाही. भावाला विचारलं, तर तो म्हणाला, लिहिलं असतं, पण काय लिहू? तिचं सासरचं नाव सरस्वती, एवढंच आपल्याला ठाऊक. माहेरचं नाव काय, तिच्या आईचं नाव काय, कुणाला माहीत आहे का?

आणि खरंच कुणाला माहीत नाही. वडील गेले, आत्या गेल्या. आजी १९८४ साली गेली तेव्हा मी २३ वर्षांची होते, रात्रपाळ्या करत होते, आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. हे मला फार लागतं.

हाताशी आहे ते असं:

आजीचं माहेर नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातलं, आमच्या गावापासून दीड दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेवर. गावाचं नाव माहीत आहे. तिथे आता आमचं जाणं-येणं नाही. आजी म्हणायची, "मी सहा वर्षांची असताना आई गेली. आठ दिवसांत घरातली तीन माणसं गेली. मग बापाने दुसरी केली." यापुढे ती बोलायची नाही.

भाऊ सहा-सात वर्षांचा असताना आजीबरोबर तिच्या वडिलांच्या तेराव्याला त्या गावी गेला होता. त्याचा जन्म १९५३ चा.

माळ्यावर पत्र्याची पेटी आहे. तीत आजोबांचे कापडात गुंडाळलेले चाळीसएक कागद, सगळे मोडीत. मला त्यातलं वरचं "श्री" सोडून काही वाचता येत नाही.

आणि एक तांब्याची कळशी. आजी तिला कुणाला हात लावू द्यायची नाही, सणाला स्वतः चिंचेने घासायची. गळ्याखाली टिंबाटिंबांनी "भा. म." अशी अक्षरं कोरली आहेत. आमच्या घरात या अक्षरांचं कुणीही झालं नाही. वडील म्हणायचे, जुनी विकत घेतली असेल.

प्रश्न दोन. एक, या वयात मोडी येते का? खरं सांगा, मन राखायला नको. दुसरा, मोडी शिकेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये म्हणून आजीच्या माहेरचा शोध कुठून सुरू करावा?

जुना तलाठी (उत्तर)

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, पहिल्याचं जाणकार देतील.

तुमच्या लिखाणात दोन खुणा आहेत. त्या तुमच्या ध्यानात आल्यात की नाही ठाऊक नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली खूण तेराव्याची. भावाचा जन्म १९५३ चा आणि तो सहा-सात वर्षांचा, म्हणजे आजीचे वडील १९५९-६० च्या सुमारास वारले. हे फार मोलाचं आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. त्याआधी शेतकरी वारला आणि मागे मुलगे असले, तर वारस म्हणून मुलींची नावं सहसा लागत नसत. गावच्या दप्तरात लेकी दिसतच नाहीत, त्याचं मोठं कारण हे. १९५६ नंतर वडील वारले की वारसाच्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीत, विधवेबरोबर मुलींचीही नावं यायला लागली. सगळीकडे लागली असं म्हणणार नाही. पुष्कळ ठिकाणी लागली आणि वर्षा-दोन वर्षांत हक्कसोड लिहून घेऊन कमी केली. पण शोधणाऱ्याला ते चालतं. हक्कसोड झाली तर दोन नोंदी मिळतात, एक नाव लागल्याची आणि एक कमी झाल्याची.

तेव्हा त्या गावचं गाव नमुना ६ म्हणजे फेरफार रजिस्टर, साल १९५९ ते १९६३, पानापानाने बघा. वारस नोंद झाली की तिथे "अमुक इसम मयत, वारस खालीलप्रमाणे" असा मजकूर असतो. तुमच्या आजीच्या वडिलांचं नाव तुम्हाला ठाऊक नसलं तरी आडनाव आणि मुलगी म्हणून "सरस्वतीबाई" व तुमच्या आजोबांचं नाव शोधा. पुष्कळ जुने फेरफार आता स्कॅन होऊन ऑनलाइन आले आहेत. नाही सापडले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा.

शब्द आधी पाठ करून ठेवा, नाहीतर नाव समोर असून निसटतं. "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा. "कोम" किंवा "मर्द" म्हणजे अमक्याची बायको: "सखूबाई कोम रामजी" म्हणजे रामजीची बायको सखूबाई. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालन कर्ता, वारस लहान असला की त्याच्या वतीने असलेली व्यक्ती. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, सातबाऱ्यावर एकाच भावाचं नाव दिसतं पण बाकीचे भाऊ मागे असतात. मी नोकरीला लागलो तेव्हा एका म्हाताऱ्या कोतवालाने मला हे शिकवलं होतं. त्याला लिहिता येत नव्हतं, पण कुठल्या बासनात काय आहे हे त्याला अंधारात कळायचं.

दुसरी खूण आजीच्या आईची. "आठ दिवसांत घरातली तीन माणसं." आजीचं वय १९८४ ला साधारण किती होतं ते कळवा. सत्तरीत असेल तर मला १९१८ चा संशय आहे. त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात इन्फ्लुएंझाची लाट खेड्यापाड्यांत गेली, देशभरात एक कोटीहून जास्त माणसं मेली. गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ते त्या काळचं शिल्लक असलं तर त्यात सापडेल. मी एका गावचं पाहिलं आहे. सालभरात एक पान भरत नव्हतं, आणि त्या पावसाळ्यानंतर पानामागून पान. कारणाच्या रकान्यात खालपर्यंत एकच शब्द.

बोरू (उत्तर)

कळशीताई, मी मोडी ६१ व्या वर्षी घेतली. आज ७२ चा आहे. हाताखालून हजारेक कागद गेले असतील. येते. पण ती कशी येते ते सांगितलं नाही तर नुसतं "येते" म्हणण्याला अर्थ नाही.

मुळाक्षरं एका महिन्यात येतात. मग माणूस आनंदाने घरचा कागद उघडतो आणि एक ओळ लागत नाही. इथे दहातले आठजण सोडतात. कारण मोडीत रेघ आधी पानभर ओढलेली असते आणि तिच्याखाली अक्षरं एकाला एक धरून चालतात. शब्द कुठे संपला हे कुणी दाखवत नाही. विरामचिन्ह नाही. ऱ्हस्व-दीर्घ नाही, एकच वेलांटी आणि एकच उकार. "र" शेजारच्या अक्षरात शिरून इतकी रूपं घेतो की पहिले सहा महिने मी फक्त "र" शोधत होतो. पुस्तकातली बाराखडी ही शिकवण्यासाठी काढलेली असते. कारकुनाचा हात पळता असतो.

म्हणून सुरुवात घरच्या कागदांपासून करू नका, कितीही मोह झाला तरी. मूळ मोडी आणि शेजारी बालबोध, म्हणजे देवनागरी, असं छापलेलं पुस्तक घ्या. बालबोध झाकायचं, मोडी वाचायची, मग झाकण काढायचं. आणि हाताने लिहायचं. नुसतं डोळ्यांनी शिकलेली मोडी आठवड्यात जाते, हाताने गिरवलेली राहते. मी रोज सकाळी २० मिनिटं, एक पान. मोबाइलवर फोटो मोठा करून वाचता येतो, त्यामुळे आपल्या वयाच्या डोळ्यांची अडचण पूर्वीइतकी राहिली नाही. वर्ग लावायचा असेल तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतात, त्यांच्याकडे चौकशी करा. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० साली सरदार मेहेंदळ्यांच्या साथीने हे मंडळ काढलं. ते कागदांसाठी गावोगाव पायपीट करायचे आणि लोकांच्या माळ्यावरून दप्तरं खाली काढायचे. तुमच्या पेटीसारख्याच पेट्या त्या.

घरच्या कागदांकडे याल तेव्हा दोन गोष्टी अडवतील.

एक म्हणजे दोन उभ्या रेघा. अक्षरापुढे आल्या तर तो संक्षेप: "मु॥" म्हणजे मुक्काम. आकड्यापुढे आल्या तर अर्धा: "५॥" म्हणजे साडेपाच, "५।" म्हणजे सव्वापाच, "५॥।" म्हणजे पावणेसहा. मी सावकारी खत वाचताना एक आख्खी ओळ या रेघांपायी उलटी लावली होती आणि व्याज मुद्दलापेक्षा मोठं निघालं, तेव्हा चूक कळली.

दुसरी म्हणजे साल. इंग्रजी अमलातल्या कागदांवर इसवी सन किंवा शक असतो. शकात ७८ मिळवायचे, जानेवारी ते पाडव्याआधीची तारीख असेल तर ७९. सोबत संवत्सराचं नाव असेल तर तेही ताडून बघा. शके १८०० ला बहुधान्य संवत्सर, म्हणजे १८७८-७९. नाव आणि आकडा जुळत नसेल तर दोन्हींपैकी एक तुम्ही चुकीचं वाचलंत. पेशवाईतला कागद निघाला तर सुहूर सन असेल आणि तो अरबी शब्दांत, एककापासून उलटा लिहिलेला: "सबा सबैन मया व अलफ", म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, ११७७. हे साल मृगाला सुरू होतं. जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, पुढे ६००. मी ताळा करायला पानिपत वापरतो: "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे ११६१, अधिक ६००, जानेवारी १७६१. बरोबर बसतं.

आता पेटीबद्दल. कृपा करून आज काहीही उलगडू नका. दमट दिवस नसेल तेव्हा, स्वच्छ कोरड्या हातांनी, एकेक. आधी फोटो, दोन्ही बाजूंचे. पाठीवर कुणीतरी "कर्जरोखा" किंवा "वाटणीपत्र" असं दोन शब्दांत लिहून ठेवलेलं असतं, ते पुष्कळांचं राहून जातं. चिकटपट्टी नाही, बॉलपेन नाही. आणि लॅमिनेशन तर मुळीच नाही. माझ्या चुलत भावाने आमची एक सनद प्रेमाने लॅमिनेट करून आणली. ती आता त्या प्लॅस्टिकमधून कधीच निघणार नाही आणि आत दरवर्षी तपकिरी होत चालली आहे. मला ती बघवत नाही.

भावाच्या तक्त्याबद्दल एक बोलू का? राग मानू नका. सात पिढ्यांत नातवाला आजोबांचं नाव किती वेळा आलं आहे ते मोजा. आमच्याकडे एकाच नावाचे दोघे एक धरले गेले होते, आणि दुसरीकडे दोन सख्खे भाऊ बाप-लेक म्हणून लिहिले होते. भावकीत सगळ्यांना तसंच पाठ होतं. मी एक साधा हिशेब मांडला: ६० वर्षांत पाच पिढ्या बसत नाहीत. मग १८७० च्या सुमाराचं वाटणीपत्र सापडलं, त्यात दोघांनी शेजारी शेजारी निशाण्या केल्या होत्या, एकाने नांगराची आणि दुसऱ्यानेही नांगराची. भाऊच ते. तेव्हापासून मी प्रत्येक नावापुढे लिहितो की हे कुठून कळलं: कुणी सांगितलं, कधी सांगितलं, की कागदात पाहिलं, आणि कुठल्या. पेन्सिलीने का होईना, पण लिहायचंच.

गोदातीर (उत्तर)

बोरूकाकांच्या साल-हिशेबात आमच्याकडच्या लोकांसाठी भर. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडे होता. आमचे जुने महसुली कागद बरेचसे उर्दूत आणि साल फसली. त्यात ५९० मिळवायचे, आणि जानेवारीपासून फसली साल बदलेपर्यंतच्या महिन्यांना ५९१. आमच्याकडे शोधाची पहिली पायरी १९५४ च्या सुमाराचं खासरा पत्रक, म्हणजे शेतवार जमिनीची नोंद. मी मोडी शिकून बसलो आणि पुढ्यात उर्दू आली. आता उर्दूचं दुसरं पुस्तक चालू आहे, वय ५८.

कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या कुणाची आजी असेल तर हेळवींना विचारा. पूर्वी बैलावरून यायचे, दारात उभं राहून घराण्याची नावं म्हणायचे. त्यांच्या नोंदी कन्नडमध्ये असतात.

चौथी पिढी (उत्तर)

कळशीआजी, मी २६ वर्षांची आहे. तुमचं "मला विचारावंसं वाटलं नाही" वाचलं आणि लगेच माझ्या आजीला फोन केला. एवढंच सांगायचं होतं, पण एक सुचलं तेही लिहिते.

तुमच्या भावाला तेराव्याचं पुन्हा एकदा विचारा, पण नावं विचारू नका. मी आजीशी बोलताना पाहिलं आहे, "त्यांचं नाव काय होतं?" म्हटलं की ती गप्प होते आणि स्वतःवर चिडते. "तुम्ही कुठे बसला होतात? घराचं तोंड कुठे होतं? वाढायला कोण होतं?" असं विचारलं की अर्धा तास बोलते, आणि बोलण्याच्या ओघात नावं आपोआप येतात. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, त्यांना सांगून.

आणि कळशी विकत घेतलेली नसेल. आमच्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर नावं घातलेली आहेत. ज्या भांड्याला आजी कुणाला हात लावू देत नव्हती, ते बाजारातलं कसं असेल?

कळशी

तुम्हा सगळ्यांची उत्तरं मी वहीत उतरवून घेतली. नवीन वही, आणि ही हरवणार नाही.

तलाठीदादा, आजी गेली तेव्हा दाखल्यावर वय ७२ लिहिलं होतं. ते मीच सांगितलं होतं, अंदाजाने. पण तो अंदाज धरला तर जन्म १९१२ चा आणि १९१८ ला सहा वर्षांची. हे गणित मी पहाटे चार वाजता केलं आणि मग झोप लागली नाही. इतकी वर्षं मी ते वाक्य ऐकलं होतं. आठ दिवसांत तीन माणसं. मी परिचारिका, साथीचे वॉर्ड केलेली बाई, आणि मला कधी सुचलं नाही की ही साथ होती.

भावाला त्या मुलीने सांगितलं तसं विचारलं. तो आधी म्हणाला, काही आठवत नाही. मग म्हणाला, ओट्याला तीन पायऱ्या होत्या आणि मधली तुटकी होती, मी तिथे पडलो. कुणी उचललं? आजीच्या भावाने. आजी त्याला काय म्हणाली? आणि माझा ७२ वर्षांचा भाऊ एकदम म्हणाला, "दगडू, पोराला लागलं का बघ."

दगडू. आमच्या घरात ६५ वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं ते नाव.

जुना तलाठी

आता फेरफार सोपा झाला. वारसांत दगडू शोधा, वर बापाचं नाव निघेल. जाल तेव्हा सकाळी लवकर जा आणि अर्जावर गावाचं नाव, नमुना आणि साल स्पष्ट लिहा. "जुने रेकॉर्ड बघायचे आहे" असं मोघम लिहिलं तर कुणालाच काही काढता येत नाही.

कळशी (चार महिन्यांनी)

उशिरा लिहिते आहे. मधे दोनदा गेले आणि दोनदा हात हलवत परत आले. एकदा रजिस्टर बांधणीला गेलेलं, एकदा संबंधित माणूस रजेवर. तिसऱ्यांदा भाऊ बरोबर आला.

फेरफार सापडला, साल १९६०. "महादू बिन धोंडी मयत." वारस: विधवा एक, मुलगे दोन, त्यात दगडू, आणि शेवटच्या ओळीत मुलगी सरस्वतीबाई, पुढे कोम आणि माझ्या आजोबांचं नाव. मी बोट ठेवून ते भावाला दाखवलं. १९६२ ला हक्कसोड झाली आहे. डाव्या अंगठ्याचा ठसा तिचा असल्याचं तिथे लिहिलं आहे. तलाठीदादा म्हणाले तसंच, दोन नोंदी.

महादू कळला तेव्हा माझ्या डोक्यात कळशी आली नाही. खरं सांगते, आली नाही. पुढच्या कामाचंच डोक्यात होतं.

नमुना १४ चं १९१८ चं रजिस्टर आहे, कडा वाळवीने खाल्लेल्या. मोडीत. मी तोवर बोरूदादांच्या पद्धतीने साडेतीन महिने रोज एक पान गिरवलं होतं. झाकायचं, वाचायचं, उघडायचं. तरी पहिली पंधरा मिनिटं मला काहीही लागलं नाही. मग एक आकडा लागला, आकडे बालबोधीसारखेच दिसतात. मग "कोम" लागला. एकदा तो लागल्यावर पानभर दिसायला लागला, कोम, कोम, कोम. त्या ऑक्टोबरच्या पानांवर बायकाच बायका आहेत, विशीतल्या, तिशीतल्या. कारणाचा रकाना वाचायला मला मोडी लागली नसती, इतक्या वेळा तोच शब्द आहे. ताप. मी तो शब्द हजारो तक्त्यांवर लिहिला आहे, पुढे अंश, पुढे वेळ, पुढे दिलेलं औषध. इथे पुढे काही नाही.

"धोंडी" मिळाला, वय ५५. त्याच्यापुढे तीन दिवसांनी एक मूल, वय २, नावाची जागा वाळवीने नेली आहे, "बिन महादू" एवढं उरलं. आणि त्यानंतर दोन दिवसांनी एक ओळ, जी मी अक्षर अक्षर करून वाचली. आधी "थी" लागलं, मग "भा", मग मधलं. भागीरथी कोम महादू, वय ३०, ताप.

भाऊ माझ्याकडे बघत होता आणि मी त्याला सांगू शकत नव्हते, कारण तेव्हा कळशी आठवली.

भा. म.

ती आजीच्या आईची होती. सहा वर्षांच्या मुलीला आईची तेवढीच वस्तू मिळाली, लग्नात ती सासरी घेऊन आली, आणि ६० वर्षं स्वतःच्या हाताने घासत राहिली.

तक्ता आता भावाने पुन्हा काढायला घेतला आहे. प्रत्येक पुरुषाच्या नावाशेजारी जागा सोडली आहे. बऱ्याच रिकाम्या राहणार, पण जागा राहणार आहे. आणि बोरूदादा, त्यालाही पिढ्यांचं मोजायला लावलं. वरून तिसऱ्या आणि चौथ्या नावात बारा वर्षांचंच अंतर निघतं आहे, तेव्हा तिथेही तुमच्यासारखंच भावाभावांचं असावं. पेटीत त्या काळातला एक कागद आहे, पाठीवर "वाटणी" एवढं मी वाचलं आहे. बाकीचा अजून लागत नाही. तिसऱ्या ओळीचा फोटो खाली टाकते आहे. "रामजी बिन" पर्यंत मला खात्री आहे. त्याच्या पुढचं अक्षर "ख" आहे की "र" आणि "व" जोडून आहेत, ते कृपया बघाल का? मला "रव" वाटतं, पण "र" च्या बाबतीत माझ्या डोळ्यांवर अजून माझा भरवसा नाही.

आजीचं माहेरचं नाव मात्र मिळालेलं नाही. फेरफारात सासरचंच आहे. दगडूमामांची नातवंडं त्याच गावात आहेत असं कळलं. पुढच्या महिन्यात जाणार आहे, कळशी बरोबर घेऊन.

बोरू

फोटो पाहिला. "रव" च आहे, तुम्ही बरोबर वाचलंत: "रवजी". म्हणजे "रामजी बिन रवजी". पुढच्या ओळीत याच हाताचा आणखी एक "बिन रवजी" दिसतो आहे, नाव अर्धवट घडीत गेलं आहे. दोघांचा बाप एकच. ती घडी जोर लावून उलगडू नका. कागद रात्रभर दोन स्वच्छ कोऱ्या कागदांच्या मध्ये, वर पुस्तकाचं हलकं वजन ठेवून, राहू द्या आणि सकाळी पुन्हा फोटो काढा.

त्या गावी गेलात की त्यांच्या घरातली जुनी भांडीही बघा, तळाशी आणि गळ्याखाली. आई गेलेल्या मुलीला बापाने किंवा भावाने आणखी काही दिलं असेल, किंवा मागे ठेवलं असेल, तर त्यावर तिचं नाव असायची शक्यता आहे. कोरलेलं पुसट झालं असेल तर घासू नका. कडेने बॅटरीचा उजेड टाका, टिंबं उठून दिसतात.